बहिणीला गुण आला, मला का नाही?

प्रश्न : मी २७ वर्षांचा तरुण आहे. दोन वर्षांपासून माझ्या माथ्यावरचे केस विरळ होत आहेत आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केसांची रेषा मागे सरकली आहे. माझ्या बहिणीचे केस बाळंतपणानंतर झपाट्याने गळू लागले होते. तिने जाहिरात पाहून डोक्याला लावायचे एक सीरम आणि सोबतच्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या आणि चार महिन्यांत तिचे केस पूर्ववत झाले. तेच सीरम व त्याच गोळ्या मी पाच महिने न चुकता घेतल्या, पण फरक शून्य. कंपनीच्या सल्लागार बाई फोनवर सांगतात की मुळे आता कुठे जागी होऊ लागली आहेत, आणखी सहा महिन्यांचा संच घ्या, फरक पडला नाही तर पैसे परत. जाहिरातीत ‘वैद्यकीय चाचणीत तपासलेले’ आणि ‘दहापैकी नऊ वापरकर्त्यांना फरक जाणवला’ असे छापलेले आहे. पुढचा संच घ्यावा का? बहिणीला गुण आला तर मला का नाही? आणि ती आता नात्यातल्या प्रत्येकाला हेच सुचवते आहे, तिला काय सांगू?

उत्तर :

प्रिय वाचक,

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण सल्लागार बाईंचा फोन पुन्हा केव्हाही येईल : पुढचा संच घेऊ नका. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबचे आहे, पण ते एकदा समजले की अशा जाहिरातींतले बहुतेक दावे तुम्हाला स्वतःच तपासता येतील, म्हणून तुमच्या बहिणीपासूनच सुरुवात करू.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतला प्रत्येक केस आपापल्या चक्रातून जात असतो. वाढीचा काळ दोन ते सहा वर्षांचा, मग दोन-तीन आठवड्यांचा थांबण्याचा काळ, आणि त्यानंतर सुमारे तीन महिन्यांची विश्रांती, जिच्या शेवटी जुना केस गळून त्याच जागी नवा उगवतो. एरवी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि दिवसाला ५० ते १०० केस गळणे हे निरोगी डोक्याचेच लक्षण असते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे नेहमीपेक्षा जास्त केस वाढीच्या अवस्थेत टिकून राहतात, आणि प्रसूतीनंतर ते एकदमच विश्रांतीत जातात, त्यामुळे दोन ते चार महिन्यांनी पुंजकेच्या पुंजके हातात येऊ लागतात. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने घटवलेले वजन यांच्यानंतरही दोन-तीन महिन्यांच्या अंतराने असेच घडते. हे सगळे भयंकर दिसते, पण ज्या खळग्यातून केस उगवतो तो केशकूप शाबूत असतो, आणि मूळ कारण दूर झालेले असेल तर काही महिन्यांत केस आपोआप भरून येतात. गळलेल्या केसाच्या टोकाला दिसणारा पांढरा ठिपका मोठा करून दाखवत ‘केस मुळासकट निघत आहेत’ अशी भीती घालणाऱ्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. तो ठिपका म्हणजे विश्रांती संपवून निघालेल्या केसाचा नैसर्गिक गोलसर शेवट आहे, त्याचा केशकूप जागेवरच राहिलेला असतो.

आता हे पाहा की माणूस जाहिरातीकडे वळतो केव्हा. केस गळू लागल्याच्या पहिल्या आठवड्यात सहसा कोणी काही विकत घेत नाही. गळती अगदी शिगेला पोहोचते तेव्हा घाबरून खरेदी होते, म्हणजे नेमकी त्या वेळी, जेव्हा ती स्वतःहून ओसरण्याच्या बेतात असते. त्यानंतरच्या चार महिन्यांत बहिणीने सीरम लावले असते, नुसते पाणी लावले असते किंवा काहीच लावले नसते, तरी बहुधा हेच झाले असते. कोंबडे झाकून ठेवले तरी उजाडायचे राहत नाही. इथे कंपनीने उजाडण्याचे बिल कोंबड्याच्या नावाने फाडले आहे. तुमच्या बहिणीचा अनुभव खोटा नाही, केस खरोखरच परत आले. त्यावरून तिने काढलेले कारण तेवढे सिद्ध झालेले नाही.

तुमचे वर्णन वेगळ्या गोष्टीचे आहे. निदान पत्रावरून होत नाही, ते त्वचारोगतज्ज्ञांनी डोके पाहूनच करायचे असते, पण विशी-तिशीतल्या पुरुषाचा माथा आणि कपाळाच्या बाजू सावकाश विरळ होत असतील तर बहुतेक वेळा ते आनुवंशिक टक्कल असते. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात बनणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक त्या भागातल्या संवेदनशील केशकूपांना वर्षानुवर्षे आकसवत नेते, दर चक्रागणिक केस अधिक बारीक आणि आखूड उगवतो, आणि शेवटी डोळ्यांना दिसेनासा होतो. ही प्रक्रिया आपली आपण उलटत नाही. म्हणजे तुम्हा भावंडांनी एकच बाटली दोन निराळ्या आजारांवर वापरली, त्यांतला एक वेळ गेल्यावर बरा होणारा होता आणि दुसरा वेळ जाईल तसा वाढणारा. जाहिरातीला मात्र दोघेही ‘केसगळतीचे ग्राहक’ म्हणून सारखेच.

म्हणून ‘दहापैकी नऊ जणांना फरक जाणवला’ हे वाक्य समोर आले की पहिला प्रश्न असा विचारावा : ज्यांनी हे वापरले नाही, त्यांच्यापैकी किती जणांना फरक जाणवला? दहा जणांत बाळंतपणानंतरच्या किंवा तापानंतरच्या किती? ज्यांनी कंटाळून महिनाभरात बाटली टाकून दिली त्यांना या दहांत धरले आहे का? आणि फरक ‘जाणवला’ म्हणजे कोणी केस मोजले, की बाटलीसोबत आलेल्या प्रश्नावलीत खूण केली? तुलनेचा गट नसलेला आकडा कितीही मोठा असला तरी त्यातून औषधाविषयी काहीच कळत नाही.

तुलनेचा गट किती मोलाचा असतो, हे एका खऱ्या औषधाच्या चाचणीत नीट दिसते. आनुवंशिक टक्कल असलेल्या ३९३ पुरुषांवर मिनॉक्सिडिल या डोक्याला लावायच्या औषधाची एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला ५ टक्के द्रावण, दुसऱ्याला २ टक्के आणि तिसऱ्याला औषध नसलेले पण तसेच दिसणारे द्रावण दिले गेले, आणि कोणाला काय मिळाले हे मोजणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. ४८ आठवड्यांनी दर चौरस सेंटिमीटरमागे पहिल्या गटात सरासरी १८.६, दुसऱ्यात १२.७ आणि तिसऱ्यात ३.९ केस वाढलेले आढळले. तिसरा आकडा पुन्हा वाचा : औषध नसलेल्या द्रावणानेही केस ‘वाढले’. तिसरा गट नसता तर ती वाढही औषधाच्याच खात्यावर जमा झाली असती. याच चाचणीतून ‘२ टक्क्यांच्या तुलनेत ४५ टक्के अधिक वाढ’ असाही एक आकडा निघतो. तो हिशेबाने जवळपास बरोबर आहे, पण जाहिरातीत तो एकटा उभा केला की वाचणाऱ्याला डोक्यावरचे केस जवळपास दीडपट होतील असे वाटते. प्रत्यक्षात तो १२.७ आणि १८.६ यांच्यातला फरक आहे. अर्धसत्याची जाहिरात मला सरळ खोट्यापेक्षा जास्त त्रासदायक वाटते, कारण तिच्यावर बोट ठेवायला आधी हिशेब करावा लागतो.

पैसे परत देण्याच्या हमीचा तुम्ही उल्लेख केला आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. अमेरिकेत पँट्रॉन नावाची कंपनी ‘हेल्सिंकी फॉर्म्युला’ या नावाने टकलावरचे औषध विकत असे. त्यात मुख्यतः पॉलिसॉर्बेट होते, जे एरवी तेल आणि पाणी एकजीव करण्यासाठी वापरतात. ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने खटला भरला तेव्हा कंपनीने आपले समाधानी ग्राहक, पुन्हा पुन्हा येणाऱ्या मागण्या आणि पैसे परतीची हमी पुढे केली. १९९४ मध्ये अपील न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. उत्पादनाचा जो काही परिणाम दिसतो तो केवळ ‘औषध घेतले’ या समजुतीतून येत असेल, तर ‘हे गुणकारी आहे’ ही जाहिरात दिशाभूल करणारीच ठरते. आणि पैसे परत देण्याची हमी दिल्यामुळे खोट्या दाव्याची जबाबदारी टळत नाही. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी ही हमी विक्रेत्याला फारशी महाग पडत नाही, कारण पुष्कळ लोक मुदत विसरतात, पावती किंवा रिकाम्या बाटल्या जपून ठेवत नाहीत, किंवा ‘आपल्याकडूनच मध्ये दोन दिवस राहिले असेल’ असे म्हणून गप्प बसतात. तुमच्या हमीच्या अटी आजच वाचा. ‘सलग अकरा महिने वापरल्यास’ असे काही तिच्यात दडलेले असेल, तर पुढचा संच घेण्याचा आग्रह कशासाठी होता ते उलगडेल.

त्याआधी, १९८९ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या, डोक्याला लावायच्या केसवाढीच्या उपायांबाबत नियम काढला होता. केस उगवण्याच्या किंवा टक्कल रोखण्याच्या दाव्यासाठी त्यांतला एकही घटक सुरक्षित व गुणकारी म्हणून मान्य करता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या घटकांच्या यादीत जोजोबा तेल, लॅनोलिन, गव्हांकुराचे तेल आणि बायोटिनही होते. इतकी वर्षे उलटली तरी यांतली बरीच नावे नव्या बाटल्यांवर झळकत असतात. ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने २०१८ मध्ये एका कॅफिनयुक्त शांपूची ‘केसगळती कमी करण्यास मदत’ ही जाहिरातही पुरेशा पुराव्याअभावी थांबवली.

‘वैद्यकीय चाचणीत तपासलेले’ या शब्दांतून फक्त तपासणी झाल्याचे कळते, निकाल काय लागला ते कळत नाही. अनेकदा ती तपासणी एवढीच असते की उत्पादनामुळे त्वचेला खाज किंवा पुरळ येत नाही. शांपूच्या जाहिरातीत मोठा टक्का दिसला तर तळाची बारीक अक्षरे पाहा. तिथे बहुधा ‘तुटण्यामुळे होणारी केसगळती’ असे लिहिलेले असते, म्हणजे विंचरताना मध्येच तुटणारे केस मोजलेले असतात आणि तुलना कंडिशनर नसलेल्या शांपूशी केलेली असते. मुळाशी आकसत जाणाऱ्या केशकूपाचा त्याच्याशी संबंध नाही. यंत्रांच्या बाबतीत ‘सरकारी परवानगी’ हा शब्दही जपून वाचावा. लेझरच्या एका कंगव्याला अमेरिकेत २००७ मध्ये विक्रीची वाट मोकळी झाली, पण ती, तो कंगवा आधीपासून बाजारात असलेल्या उपकरणांसारखाच आहे, या आधारावर, नव्या औषधाला द्याव्या लागणाऱ्या परीक्षेतून गेल्यामुळे नव्हे. आधी-नंतरच्या छायाचित्रांबद्दल फार लिहीत नाही : वरून पडणारा प्रखर प्रकाश, ओले केस आणि मधला भांग ‘आधी’ला, समोरचा मंद प्रकाश, कोरडे फुगवलेले केस आणि बदललेला भांग ‘नंतर’ला. एवढ्यावर काम भागते.

‘मुळे जागी होत आहेत’ हे वाक्य मात्र चतुर आहे, कारण त्याला खऱ्या औषधाचा आधार घेतलेला आहे. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते आणि परिणाम दिसायला साधारण चार महिने किंवा अधिक लागतात. ही माहिती डॉक्टर रुग्णाला धीर देण्यासाठी सांगतात, आणि काहीच परिणाम नसलेल्या वस्तूचा विक्रेता तीच उसनी घेऊन ग्राहकाला थोपवून धरतो. केस वाढले तर औषधामुळे, गळले तर औषध लागू पडते आहे म्हणून, आणि काहीच झाले नाही तर अजून थोडे थांबा. असा दावा कोणत्याच परिस्थितीत चुकू शकत नाही, आणि म्हणूनच तो तपासताही येत नाही. बाईंना विचारून पाहा की किती महिन्यांनी, काय मोजल्यावर, हे उत्पादन मला लागू पडत नाही असे तुम्ही मान्य कराल. लेखी उत्तर मागा.

गोळ्या निरुपद्रवी तरी असतील, असे तुम्हाला वाटत असावे. बायोटिनची खरी कमतरता असणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, पण अशी कमतरता विरळा आढळते आणि आनुवंशिक टकलावर ते काम करते याला पुरावा नाही. उलट मोठ्या मात्रेतले बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवते, थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या निदानात वापरल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनचेसुद्धा; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. ‘अ’ जीवनसत्त्व आणि सेलेनियम तर जास्त झाले की केस गळवतात. २००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक आहारात चुकीने ठरलेल्या मात्रेच्या सुमारे दोनशे पट सेलेनियम पडले आणि २०१ जण आजारी पडले. त्यांच्यातल्या बहुतेकांचे केस गळले होते. तपासणीत लोह किंवा अन्य काही कमी आढळले तर तेवढेच भरून काढावे.

मग पुरावा कशाला आहे? पुरुषांच्या आनुवंशिक टकलासाठी मुख्यतः दोन औषधांना. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवू लागल्याचे दिसले, त्यातून डोक्याला लावायचे द्रावण तयार झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फिनास्टराइडची १ मिलिग्रॅमची गोळी पुरुषांसाठी १९९७ मध्ये मान्य झाली. १५५३ पुरुषांवरच्या चाचणीत माथ्यावरच्या सुमारे ५ चौरस सेंटिमीटर वर्तुळात सुरुवातीला सरासरी ८७६ केस होते, आणि वर्षाअखेर औषध घेणारे व न घेणारे यांच्यात १०७ केसांचा फरक पडला. काही फरक केस वाढल्याने, काही दुसऱ्या गटाचे कमी झाल्याने. चांगल्या औषधाचे खरे यश एवढे असते : आहेत ते केस टिकवणे आणि थोडेफार परत मिळवणे. गेलेली कपाळाची रेषा सहसा परत येत नाही, आणि औषध थांबवले की काही महिन्यांत मिळवलेले हातचे जाते.

दोन्ही औषधांना किंमतही मोजावी लागते. मिनॉक्सिडिलने त्वचेची आग होऊ शकते, आणि घरात मांजर असेल तर ते तिच्यासाठी विषारी आहे हे लक्षात ठेवा. फिनास्टराइडने काही पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, त्या क्वचित औषध थांबवल्यावरही राहिल्याच्या नोंदी आहेत. आत्महत्येचे विचार हा त्याच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध संस्थेने २०२५ मध्ये मान्य केले. पूर्वी नैराश्य येऊन गेले असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ‘गोळी नको, स्प्रे घ्या, तो सुरक्षित’ अशा जाहिराती हल्ली दिसतात. डोक्याला लावलेले फिनास्टराइडही त्वचेतून रक्तात उतरू शकते आणि त्याविषयीच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच वर्षी सावध केले. गरोदर किंवा गरोदर राहू शकणाऱ्या स्त्रीने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. स्वतःच्या रक्तातला घटक टोचण्याच्या पीआरपी उपचाराचे काही निष्कर्ष आशादायक असले तरी तो करण्याची पद्धत जागोजागी वेगळी असल्याने एका ठिकाणचा निकाल दुसऱ्या ठिकाणी लागू पडेलच असे नाही. प्रत्यारोपणात नवे केस तयार होत नाहीत, मागचे पुढे लावले जातात.

तेव्हा सीरम बंद करा, हमीप्रमाणे पैसे लेखी मागा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाण्यापूर्वी एकाच जागी, त्याच प्रकाशात, कोरड्या आणि सारख्याच लांबीच्या केसांची छायाचित्रे काढून ठेवा व दर तीन महिन्यांनी तशीच काढा. उपचार घ्या किंवा घेऊ नका, तुमच्याकडे निदान स्वतःची प्रामाणिक नोंद राहील. काहीच न करणे हाही वैद्यकीयदृष्ट्या निर्धोक पर्याय आहे, आणि डॉक्टरांशी बोलून तो निवडला तर त्यात कमीपणा मानू नका. मात्र डोक्यावर वेदना, आग, खपल्या किंवा पू दिसत असेल, किंवा केस गेलेली जागा गुळगुळीत आणि चकचकीत झाली असेल, तर थांबू नका. काही आजारांत केशकूपाच्या जागी व्रण तयार होतो आणि तिथे पुन्हा केस येत नाहीत. अचानक पडलेली गोल चाई हाही वेगळाच आजार आहे. तिच्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांवर उठलेली असते, पुष्कळदा केस आपोआप परत येतात, आणि तीव्र स्वरूपावर २०२२ पासून मान्यता मिळालेल्या गोळ्याही आहेत.

राहिली तुमची बहीण. तिला फसवले गेल्याची जाणीव करून देण्याने काही साधणार नाही. तिचे केस बाळंतपणानंतरच्या गळतीतून स्वतःच्या बळावर भरून आलेले असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, हे सांगा, ती बातमी चांगलीच आहे. सीरम थांबवल्यामुळे केस पुन्हा गळतील ही धास्ती तिने बाळगू नये, आणि नात्यातल्या कोणाला ते सुचवण्याआधी त्यांचे केस कशामुळे गळत आहेत ते विचारावे. प्रसूतीला वर्ष उलटल्यावरही गळती सुरू राहिली किंवा पुन्हा सुरू झाली, तर तिने हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण प्रसूतीनंतर थायरॉइड बिघडणेही आढळते. त्या तपासणीआधी आपण बायोटिन घेत होतो हे तिने डॉक्टरांना जरूर सांगावे, म्हणजे ते किती दिवस आधी बंद करायचे ते डॉक्टर ठरवतील.